बुटातली वाळू आणि अर्धं लिंबू

सकाळी मी लिहिलं होतं की भाच्याच्या बुटांतून निघालेली पांढरी वाळू म्हणजे निव्वळ प्लास्टिकचे कण आहेत. ते चुकलं.

ताई अंदमानहून मानोऱ्याला माहेरी आली आहे. तिचा मुलगा तिथल्या किनाऱ्यावरची वाळू तोंडात घालतो. माझी पोस्ट वाचून ती रडायलाच लागली.

मग मी त्या कणांवर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला! प्लास्टिक असं फसफसत नाही. शंख-शिंपल्यांतली चुनखडी आंबटाने फसफसते. म्हणजे हा त्यांचाच चुरा.

मला घरीच अक्षरं शिकवणारी आई म्हणाली, "हे लिहायच्या आंधी काहून नाही केलं वो?" ताई डोळे पुसत हसली.

वाळूतले दोन निळे तुकडे मात्र तसेच राहिले. ते बहुधा प्लास्टिकचेच. आमच्या अरुणावतीचं पाणीही, त्यातल्या प्लास्टिकसकट, शेवटी अंदमानकडच्या बंगालच्या उपसागरातच जातं. नदीकाठच्या फाटक्या खतपिशव्या उचलायला कोण येतं सोबत? मी जाणार आहे येत्या रविवारी.