सायलेन्सरवाल्याचे कान

कुठल्याही गॅरेजात दोन गोष्टी न मागता साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही. चहाला आलेला माणूस ऐकतो, हसतो, कप ठेवतो आणि निघून जातो. आमच्याकडचे किस्से फार मजेशीर असतात असं लोक म्हणतात. मला आताशा त्यांत मजा सापडत नाही, पण सांगतो.

आमचं गॅरेज नायगाव पूर्वेला, जूचंद्रकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पत्र्याची शेड आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा. काम फक्त सायलेन्सरचं. आम्ही म्हणजे मी, सायमन, आणि माझा मामेभाऊ इनास. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण दादा म्हटलेलं त्याला खपत नाही. मी ग्राइंडरने कापतो, घासतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो. इनास वेल्डिंग करतो आणि ऐकतो.

ऐकणं हेच खरं काम. जोड मारून झाला की इंजिन चालू ठेवायचं, मागच्या नळीच्या तोंडात ओला फडका कोंबायचा आणि खड्ड्यात उतरून कान लावायचा. केसाएवढी फट राहिली असली तरी तिथून फुसफुस ऐकू येते. ती ऐकायची राहिली तर धूर हळूहळू गाडीच्या आत जातो आणि आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून इनास पहिल्यापासून म्हणायचा, "ज्या दिवशी मना फट ऐकू येनार नाय, त्या दिवशी काम बंद."

तीस वर्षं तो हे करतोय. त्याला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही. गेली तीन वर्षं त्याचे कान जातायत. आमच्यात त्याला "मळ" म्हणतात. "आज मळ जास्त हाय," असं तो म्हणतो, मी मान डोलावतो, आणि आम्ही पुढच्या गाडीकडे वळतो.

*

टॉवर आले तशा गाड्या बदलल्या. आधी टेम्पो आणि रिक्षा यायच्या, आता जमिनीपासून चार बोटं उंच अशा स्पोर्ट्स कार येतात. रस्ते मात्र आहेत तेच आहेत. लोण्यासारख्या रस्त्यावर चालायला बनवलेली गाडी लोक हौसेने चिंचोटीच्या रस्त्यावर घालतात आणि मग आमच्याकडे येऊन विचारतात, "असं कसं झालं?"

पहिली आली ती पिवळी. मालक रोहन, नव्या फ्लॅटांची इंटिरियरची कामं घेणारा पोरगेला माणूस. सायलेन्सरचं पोट फाटलं होतं आणि नळी रस्त्याला घासत आली होती. इनासने दोन दिवस घालवले. आतल्या जाळ्या बदलल्या, पत्रा नवा घातला, जोड असा मारला की बोट फिरवलं तरी लागू नये. गाडी एकदम शांत झाली.

दुसऱ्या दिवशी रोहन परत.

"काका, गाडी आजारी वाटते."

"काय होतंय?"

"काहीच होत नाहीये. सिग्नलला उभा होतो, कोणी वळून बघितलंच नाही."

इनासने त्याला समजावलं की आवाज दाबायलाच सायलेन्सर असतो. रोहनला ते जुनाट वाटलं. त्याने दुसऱ्या गॅरेजात जाऊन इनासचं काम कापून टाकलं आणि नुसती नळी लावून घेतली. तीन आठवड्यांत स्वारी पुन्हा आमच्या दारात. सोसायटीच्या गेटवर मोठ्या आवाजाच्या गाड्यांना बंदीचा बोर्ड लागला होता.

मी म्हटलं, "शेजाऱ्यांनी तक्रार केली वाटतं."

"शेजारी कुठले हो. अर्ज बायकोने दिला."

इनासने तेच काम पुन्हा पहिल्यापासून केलं. तशाच जाळ्या, तसाच पत्रा. मला त्या कापून टाकलेल्या जोडाचं फार वाईट वाटलं होतं, आणि हे रोहनला सांगून उपयोग नव्हता.

*

हिराजी पाटलांची खाडीकडची भातशेती टॉवरखाली गेली. आलेल्या पैशांतून मुलाने स्पोर्ट्स कार घेतली. मुलाला वेळ नसतो, म्हणून गाडी बिघडली की ड्रायव्हरबरोबर हिराजीकाका येतात. त्या गाडीत बसलं की त्यांचे गुडघे छातीला लागतात. उतरताना ड्रायव्हरला दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

एका वर्षात त्या गाडीचा सायलेन्सर तीनदा फुटला, आणि तिन्ही वेळा एकाच जागी. तिसऱ्यांदा इनास वैतागला. खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाला, "काका, तुमच्या टॉवरच्या रस्त्याला कुटं मोठा बंपर हाय का? टॉवरवाल्यांना सांगून तोरून घ्या."

हिराजीकाका स्टुलावर बसले होते. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"बंपर नाय रं तो. तिथं माजा बांध व्हता. खारं पानी अरवाला बापानं घातलेला. दोन बाजूची जमीन बसली, बांध नाय बसला."

ड्रायव्हर हसला. मीही हसलो असेन. इनासने दोनदा विचारलं, "काय म्हनाला?" मी त्याच्या कानाशी जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मला हसू आलं नाही. इनासने त्या दिवशी सायलेन्सर दोन इंच वर उचलून बसवला. त्यानंतर तो फुटला नाही, आणि हिराजीकाकाही आले नाहीत. आमच्याकडे येणं एवढंच त्यांचं बाहेर पडणं होतं, हे त्यांच्या सुनेकडून मला नंतर कळलं.

*

इनास कधी भाविक म्हणून ओळखला जात नव्हता. रविवारी चर्चमध्ये मिस्साला तो दाराजवळ उभा राहायचा, म्हणजे फादरांचं प्रवचन सुरू झालं की बाहेर सटकता येतं. दोन वर्षांपूर्वी तो अचानक पहिल्या बाकावर बसायला लागला. फादरांच्या तोंडाकडे एकटक बघत बसायचा. त्याची बायको फिलूवहिनी सगळ्या गावाला सांगत सुटली की नवऱ्याला देवाने हाक मारली.

खरी गोष्ट एवढीच होती की मागे उभं राहून त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि सगळ्यांच्या नंतर एकट्याचंच "आमेन" यायला लागलं होतं. दोन-तीनदा पोरी फिसकन हसल्या. म्हणून तो पुढे गेला, ओठांवरून जमतं का बघायला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रविवारी फादरांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. म्हणाले, परिवर्तन बघायचं असेल तर आपल्या इनासकडे बघा. पूर्ण देऊळ, म्हणजे आमचं चर्च, त्याच्याकडे वळलं. नेमका त्याच वेळी इनास वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता.

बाहेर आल्यावर लोक पाठ थोपटायला लागले तेव्हा त्याने मला विचारलं, "आज काय हाय? कोनाचा वाढदिवस?"

*

शेवटी मीच त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मळ काढायचाय असं सांगून. डॉक्टर तरुण, हसतमुख. इनासला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं.

इनास पठ्ठ्या दाबतच सुटला. मला बाहेरून बरं वाटत होतं. म्हटलं, एवढं काही गेलेलं नाही. तपासणी संपली तेव्हा डॉक्टर कागदाकडे बघून म्हणाले, "काका, मध्ये मी दोन मिनिटं फोनवर बोलत होतो. मशीन बंद होतं. तेव्हाही तुम्ही अकरा वेळा दाबलंत."

इनास खाली मान घालून बसला. सहावीतल्या पोराची कॉपी पकडावी तसा चेहरा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळा, आवाजापासून लांब राहा. इनासने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "मळच हाय."

महिन्याभराने एक निळी स्पोर्ट्स कार आमच्या दारात उभी राहिली. आतून तेच डॉक्टर उतरले. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. सायलेन्सरला चीर गेली होती, ती भरायची होती. "आणि भरताय तर जरा दमदार आवाज येईल असं बघा ना," ते म्हणाले. "रिकाम्या हायवेला मजा येते."

मी इनासकडे बघितलं. ओठ वाचायला तो एव्हाना बरा शिकला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला. मना ऐकाला कमी येतंय."

डॉक्टर दोनदा ओरडून बोलले. मग त्यांनी इनासकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, "राहू दे. नुसती चीर भरा."

*

या किश्शाला कोणी हसत नाही, म्हणून मी तो सांगत नाही.

रोहनची बायको एक दिवस पिवळी गाडी घेऊन एकटीच आली. म्हणाली, गाडीत बसलं की डोकं धरतं, काल चिंचोटीहून येताना मुलीने दोनदा उलटी केली. आदल्याच आठवड्यात इनासने ती गाडी ऐकून पास केली होती.

इनास जेवायला घरी गेला होता. मी इंजिन चालू केलं, फडका कोंबला, आणि खड्ड्यात पाय ठेवण्याआधीच मला फट ऐकू आली. वर उभ्या असलेल्या त्या बाईलाही आली. केसाएवढी नव्हती, बोट जाईल एवढी होती. मी तिची माफी मागितली, गाडी तशीच विरारला एका ओळखीच्या वेल्डरकडे नेली आणि जोड मारून आणला. इनासला सांगितलं, विरारला नटबोल्ट आणायला गेलो होतो.

त्याने विचारलं, "पिवळी गाडी दिसली मगाशी रस्त्याला. रोहनची बायको काय म्हनत होती?"

"काही नाही. तुझं काम आवडलं म्हणाली."

त्याने माझ्याकडे बघितलं. नटबोल्टांची पुडी माझ्या हातात नव्हती. त्यानंतर त्या दिवशी त्याने एकही जोड मारला नाही, संध्याकाळपर्यंत नुसती हत्यारं पुसत बसला. मला वाटलं, झालं, आता काम बंद.

*

काम बंद झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका गाडीला जोड मारला, खड्ड्यात उतरला, कान लावला आणि गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मला जोडाची हलकी शीळ ऐकू येत होती. मी मान खाजवली. त्याने पुन्हा मास्क चढवला आणि जोडावर आणखी एक फेरी मारली. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. आता आवाज नव्हता. मी हात खाली ठेवले. तो वर येऊन गिऱ्हाइकाला म्हणाला, "झाली."

तेव्हापासून आमचं असंच चाललंय. यावर आम्ही कधी बोललो नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "काकांचे कान म्हणजे कान!" आणि इनास हसतो. दीड वर्षात एकही गाडी परत आलेली नाही. हे चुकीचं आहे की बरोबर, मला विचारू नका. त्याच्या हातातून काम गेलं असतं तर तो सहा महिने टिकला नसता, एवढं मला कळतं.

गेल्या सोमवारी एक मुलगी राखाडी स्पोर्ट्स कार घेऊन आली. तिशीची असेल, नव्या टॉवरमध्ये राहणारी, स्वतःच्या कमाईची गाडी. सायलेन्सर इंजिनाकडच्या जोडावर सुटला होता. संध्याकाळी तिला आईवडिलांना घेऊन नाशिकला जायचं होतं. ती म्हणाली, "अंकल, आईला दमा आहे, तेवढं प्लीज बघा." मी म्हटलं, "काळजी करू नको, आमचे काका ऐकल्याशिवाय गाडी सोडत नाहीत."

इनासने जोड मारला. खड्ड्यात उतरून कान लावला. माझ्याकडे बघितलं. मी नीट ऐकलं, खरंच नीट ऐकलं. काही नव्हतं. मी हात खाली ठेवले.

"झाली," इनास म्हणाला.

मुलगी जागची हलली नाही. मोबाइल पर्समध्ये ठेवून ती गाडीजवळ आली, वाकली, आणि जरा संकोचून म्हणाली, "सॉरी हां अंकल, पण ही शिट्टी कसली येतेय?"

मी म्हटलं, "कुठे?"

"ही काय. एवढ्या मोठ्याने वाजतेय."

इनासने तिचे ओठ बघितले होते. त्याने हात ओला केला, जोडाजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग हळूहळू खड्ड्यातून वर आला. त्याने इंजिन बंद केलं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला.

मी म्हटलं, "काय?"

तो पुन्हा बोलला, या वेळी ओरडून.

"सायमन, तुला कवापासून?"