ठळक आकडा

राजारामपुरीत लॅबच्या काउंटरवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून रिपोर्ट न्यायला येतात! मला पंधरा वर्षं झाली. त्यात ट्यूमर मार्करचे, म्हणजे कॅन्सरचा संशय दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे किस्से लई वाईट. जास्त आलेला आकडा मशीन ठळक छापतं, आणि लोक तेवढाच वाचतात.

आमच्या डॉक्टर मॅडम कानीकपाळी ओरडतात, "लिव्हरमध्ये पू झाला तरी आकडा चढतो, आणि कॅन्सर असूनही कधी कधी चढत नाही! सुईनं तुकडा काढून बघावं लागतं." एक निवृत्त मास्तर सुस्कारा टाकून म्हणाले, "म्हणजे पेपर अजून फुटलाच न्हाय म्हणा की!"

एक पावणं तर आईच्या आकड्यावरनं घासाघीस करायला लागले. "थोडं कमी करून द्या की!"

"काका, ही काय मंडई हाय?"

"मंडईत निदान ऐकत्यात तरी!"

मला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाजही वाटली.

एका आजींनी ठळक आकडा बघितला आणि दोन्ही म्हशी विकून टाकल्या. आपल्या माघारी धारा कोण काढणार? निघाला पू! नळी घालून काढला, आजी ठणठणीत. काउंटरवर येऊन माझ्याशीच भांडल्या, "जगवलंसा न्हवं? आता माझ्या म्हशी आणा!"

आणि हे दोघं. एकाच बाकावर बसलेले, दोघांच्याही सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ. इचलकरंजीचा रशीद लूमवर पाळी करायचा, त्याचा आकडा ठळक. कसबा बावड्याचे बापू साखर कारखान्यातनं रिटायर झालेले, त्यांचा नॉर्मल. रशीद रडायलाच लागला. बापूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"रडतुयास काय गड्या! बरा हो आणि बावड्याला जेवायला ये. तांबडा-पांढरा करतो!"

मी बापूंना बजावलं, "नॉर्मल आलं तरी पुढची तपासणी करा हं."

"करतो की!" म्हणाले. केली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा जुने रिपोर्ट मागायला आला. डोकं भादरलेलं. बापूंना कॅन्सरच होता. "नॉर्मल लिवलं हुतं की वो तुम्ही!" एवढंच म्हणाला. मी जुने रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिले.

काल रशीद आला. त्याचा पू निघाला, ताप गेला, गाल वर आलेत. अंगात इस्त्रीचा शर्ट.

"भाऊ, बापूंचं घर कुठं ते सांगा की. जेवायला बोलावलंय त्यांनी."

"बस आधी. चहा घे."

"चहा नको भाऊ. सकाळपासनं पोट रिकामं ठेवलंय!"