फ्रिजची वाटणी

माझ्या सासऱ्यांनी हयातभर लोकांच्या वाटण्या केल्या. ढोकीच्या आसपास कुठंही भाऊ-भाऊ भांडले की यांना बोलावणं यायचं. कुणाला विहीर, कुणाला गोठा, कुणाला रस्त्याकडचं रान, हे ते ठरवायचे आणि त्यांनी ठरवलेलं कुणी मोडायचं नाही. त्याचा त्यांना माज होता. लोक त्याला मान म्हणतात, मी माजच म्हणते.

म्हणून त्यांच्याच घरात दोन सुनांचं पटेना, तेव्हा त्यांची झोप उडाली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, मधे पडणारं कुणी नाही. थोरली जाऊ वेगळी चूल मागत होती. तिचं म्हणणं, एका फ्रिजमध्ये दोघींचं भागत नाही. तिच्या दह्यात मी हात घालते, तिनं ठेवलेलं श्रीखंड माझी मुलं खातात. मुलं खायची, ते खरं आहे. पण वेगळी चूल म्हणजे गावभर बोभाटा. जगाच्या वाटण्या करणाऱ्याला स्वतःचं घर एक ठेवता आलं नाही, असं लोक म्हणाले असते.

मग त्यांनी तोड काढली. धाराशिवला एका पाहुण्यांच्या घरी त्यांनी कपाटाएवढा फ्रिज बघितला, शेजारी-शेजारी दोन दारांचा. घरी येऊन म्हणाले, "एक दार थोरलीचं, एक धाकटीचं. चूल एकच. मिटलं भांडण."

दुकानात आम्ही सगळेच गेलो. विकणाऱ्यानं उजवं दार उघडून काचेचे कप्पे दाखवले, भाजीचे खण ओढून दाखवले, बाटल्यांची जागा दाखवली. मग डाव्या दाराला हात घालत म्हणाला, "आणि हा फ्रीजर..."

सासऱ्यांनी त्याला तिथंच थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. दारं दोन हायती नव्हं?"

"हो काका."

"मग बास झालं." आणि तिथंच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी वाटणी केली. "उजवं थोरलीचं, डावं धाकटीचं. मान्य हाय का?"

मी मान्य म्हणाले. आमच्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फाचा एक बारका खण होता, वरच्या बाजूला. एक अख्खं दार नुसतं बर्फाचं असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? उलट मी खूश होते. दुसऱ्या बाळंतपणापासून मला शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. औषधाची बाटली जुन्या फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी असायची आणि येता-जाता कुणाचाही धक्का लागायचा. आता तिला हक्काची जागा मिळेल, असं मला वाटलं.

जुना फ्रिज दुकानदारानं बदल्यात नेला. नवा आला तो स्वयंपाकघराच्या दाराशी अडला. सासऱ्यांनी भिंत टेप लावून तीन-तीनदा मोजली होती, दाराची चौकट मात्र मोजली नव्हती. दुकानाच्या माणसांनी फ्रिजची दोन्ही दारं खोलली, धड आडवं-तिडवं करत आत नेलं, भिंतीशी लावलं आणि दारं परत बसवली. ते चालू असताना सासरे अंगणात पाठ करून उभे होते. मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर मला हसलं. माझ्या दारातलं दूध दगड झालं होतं आणि कोथिंबीर हातात घेताच काचेसारखी चुरली. इन्सुलिनची बाटलीही गोठली होती. नवरा वडलांना म्हणाला, "बाबा, डावीकडं नुसता बर्फच व्हतो."

"रान वाटतानाबी कुणाला काळं येतं, कुणाला खडक," सासरे म्हणाले. "म्हणून काय बांध हालवायचा?"

नवरा मान खाजवत उसाकडं निघून गेला. त्याच्याविषयी मी जास्त लिहिणार नाही, लिहिण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गोठली तर फेकून द्या, हे सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी ती मुठीत धरून वितळवली आणि त्याच बाटलीतून सुया घेत राहिले. आठवडाभरात जीभ कोरडी पडायला लागली, डोळ्यांपुढं धूर दिसायला लागला, आणि एका सकाळी मी पीठ मळता मळता परातीतच पडले. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "बाई, तुम्ही इतके दिवस पाणी टोचून घेतलंत!"

नवी बाटली घेऊन घरी आले आणि उजव्या दारात जागा मागितली. जागा किती, एका अंड्याएवढी. जाऊ म्हणाली, "माज्या दारात येडाईचा निवद आसतो. तितं सुईची बाटली न्हाय चालायची."

जुन्या फ्रिजमध्ये निवद आणि बाटली वर्षानुवर्षं शेजारी होती. देवीला त्याचं काही वाटलं असेल तर निदान तिनं तसं कळवलं नव्हतं. मी सासऱ्यांकडं गेले.

"आज बाटली, उद्या वाटी, परवा पातेलं," ते म्हणाले. "मग म्या केलेल्या वाटणीला काय अर्थ ऱ्हायला?"

शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं ते केलं. मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात बाटली, वरून ओलं फडकं. उन्हाळ्यात आमच्याकडं पत्रा तापून घराची भट्टी होते. पहिल्या वर्षी मी रात्री उठून वाळूवर पाणी शिंपडायची, आणि तो धिप्पाड फ्रिज भिंतीशी निवांत घुरघुरत असायचा. लोक तो बघायला यायचे. तेव्हा सरबतासाठी माझ्या दारातला बर्फ मात्र सगळ्यांचा असायचा.

मागच्या वर्षी सासरे वाळायला लागले. पायाची जखम भरेना. तपासलं तर शुगर, तीही इतकी की डॉक्टरांनी गोळ्या बाजूला ठेवून थेट इन्सुलिन लिहून दिलं. ते दवाखान्यातून आले, त्यांनी अजून पायताण काढलं नव्हतं, तोवर जावेनं उजव्या दारातला वरचा कप्पा ओल्या फडक्यानं पुसला, निवदाची वाटी खाली सरकवली आणि त्यांची बाटली तिथं मांडली. मी ओट्याशी लसूण सोलत होते. मी म्हणाले, "मामा, आता माझीबी तिथंच ठेवते. तुमच्या शेजारी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, जावेकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुजं माठात बरं चाललंय की. सवय झालीया तुला. उगं कशाला?"

हा माणूस मरावा, असं मला त्या वेळी वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

पण सुई टोचता घरात फक्त मला येते. म्हणून रोज दोनदा मी उजवं दार उघडते. जाऊ मागं उभी असते, मी दार लावेपर्यंत हलत नाही. बाटली काढते, औषध ओढते आणि तसंच गारेगार सासऱ्यांच्या पोटात टोचते. ते कळवळतात. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. "आई आई आई... लई ठणकतं गं. तुलाबी आसंच ठणकतं का?"

इन्सुलिन गार असलं की ठणकतंच. बाटली थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवली, हातात जरा धरली, तर काही होत नाही. सुई घेणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. त्यांना माहीत नाही, कारण त्यांना सांगणारी मीच आहे.

"व्हय मामा," मी म्हणते, "सगळ्यांनाच ठणकतं."

मग बाटली जागेवर ठेवून, दार लावून मी माठाकडं जाते आणि माझी सुई घेते. ती टोचलेली मला कळतसुद्धा नाही.