खंडेनवमीला थंड पडलेलं इंजिन

शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात उपग्रहांची छोटी इंजिनं बनतात. जुनं जहाल विषारी इंधन थंड इंजिनातही पेटायचं. नव्या, कमी विषारी इंधनाला आधी आतला कॅटॅलिस्ट, म्हणजे इंधन पेटवणारा पदार्थ, हीटरनं तापवून द्यावा लागतो. खंडेनवमीला ग्राहक चाचणी पाहायला आले. ऑर्डर त्यावरच ठरणार होती. मी ऐटीत बटण दाबलं आणि इंजिनातून नुसतं फुस्स झालं!

दौंडचे फोरमनमामा कुजबुजले, "साहेब, पूजेसाठी समदं बंद केलं, त्यात हीटरबी गेला."

मी हात जोडून गरजलो, "आधी प्रसाद!"

"कवापतुर वाढायचं?"

"हीटर तापेपर्यंत, मामा!"

ग्राहकांना पुरणपोळी नको झाली, तेव्हा कुठं इंजिन झोकात पेटलं. ऑर्डर देताना ते हसले, "पुढच्या चाचणीला उपाशीच येतो. तुमच्या इंजिनाला तापायला वेळ लागतो!"