मशीन चालू झाली की फौज निजायची

मला पोलिसांची भीती वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. तहसीलसमोर भर उन्हात बसले आहे, आगाराच्या फाटकावर बस अडवली आहे, आणि "तुमच्या घरचं मोठं माणूस कोण?" असं एका साहेबानं विचारलं तेव्हा "मीच" म्हणून तोंडावर सांगितलं आहे. पण गेल्या हिवाळ्यात एका शिवणाच्या टेबलावर आडव्या पडलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या शिपायांनी मला भ्यायला लावलं. आर्णीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत वळताना अजूनही मी आधी बघते, शटर वर आहे की नाही.

ते शटर आपाचं आणि तिच्या भावाचं. पुढच्या अर्ध्या गाळ्यात भाऊ मोटारसायकली दुरुस्त करतो, पंक्चर काढतो. मागच्या अर्ध्यात आपा बायकांचे ब्लाउज शिवते. तिथे तिची मशीन आहे, आणि मशीनीला चिकटून कापड बेतायचं लांब टेबल. त्या टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला एक किल्ला उभा होता. ठोकळ्यांचा. एकमेकांत टचकन बसतात ते मुलांचे ठोकळे. भावानं यवतमाळहून आपल्या लेकरासाठी डबा आणला होता. लेकरू कंटाळलं. आपा कंटाळली नाही. तिनं आधी रणगाडा बनवला, मग तोफेची गाडी, मग नदीवरचा पूल आणि पुलावर अडकलेली पलटण. त्यानंतर जुन्या लढाया सुरू झाल्या. डब्यातले शिपाई आजकालचे, हेल्मेटवाले. आपा हेल्मेट काढायची आणि शिवणाच्या रिळाचा दोरा त्यांच्या डोक्याला गुंडाळून पगडी करायची. भगवा दोरा, पांढरा दोरा, एखाद्या सरदाराला जरीचा.

मी तिथे पोचले ते आमच्या संघटनेच्या कापडी फलकाला दुमड घालून घ्यायला. किल्ला पाहिला आणि माझी सवय नडली. म्हटलं, आपा, एवढी फौज डोंगराखाली महिनोन्‌महिने बसली, तिला खायला कोणी दिलं? मी सांगितलं, आमच्या लोकांनी. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून अख्खा तांडा फौजेच्या मागं चालायचा, त्याला आम्ही लदेणी म्हणतो. लढायांच्या चित्रांत घोडे असतात, हत्ती असतात, आमचे बैल कधीच नसतात. हे मी तावातावानं बोलले असणार, कारण आपा हसली आणि ठोकळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मंग बनव ना. भाषण कायले देतं?"

मी बनवले. तपकिरी ठोकळ्यांचे बैल, पाठीवर चिंध्यांच्या गोण्या, आत खरी ज्वारी. शिंगं काही जमली नाहीत. आमचे बैल बिनशिंगाचे राहिले.

आता आपाची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. किल्ल्यावरची शिबंदी, म्हणजे शत्रूची माणसं, तिनं भावाच्या पंक्चरच्या सोल्युशननं तटावर चिकटवून टाकली होती. त्यांना नुसतं उभं राहायचं होतं. आपले मावळे तिनं चिकटवले नाहीत. ते मोकळे होते, कारण ते रोज चढायचे. सकाळी दुकान उघडलं की शिवायला बसण्याआधी आपा प्रत्येकाला थोडं थोडं वर सरकवायची. कोणी पायथ्याच्या झाडीतून कड्यावर, कोणी कड्यावरून दोराला. वेढा खरोखर पुढे सरकत होता. मीसुद्धा बाजाराच्या निमित्तानं डोकावून बघून जायची, आज कुठवर गेले.

पण मशीन चालू झाली की टेबल थरथरायचं. मोकळी माणसं पडायची, घरंगळून पायाखाली जायची, दोऱ्याच्या पगड्या सुटायच्या. म्हणून शिवायला बसताना आपा सगळ्या मावळ्यांना जागच्या जागी हलक्या हातानं आडवं करायची. मशीन चालू झाली की फौज निजायची. मशीन थांबली की उठायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. कोणाला वाटलं असतं?

गावातल्या वाचनालयानं त्यांच्या हॉलमध्ये हा किल्ला मांडायचं कबूल केलं होतं. आपा त्यासाठी नवीन चादर शिवत होती. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक बाई ब्लाउज न्यायला आली. मशीन चालू होती. तिला किल्ला आवडला, तिनं फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. तिच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही मानते.

तो फोटो मला बसमध्ये दिसला. मी लोहाऱ्याला एमआयडीसीच्या फाटकावर कामावर येणाऱ्या बायांसाठी बसफेरी मागणारी पत्रकं वाटून परत येत होते. फोन उघडला तर तोच किल्ला. तटावर शत्रू ताठ उभा, आणि खाली भगव्या पगडीचे सगळे आडवे. फोटोखाली दुसऱ्याच कोणीतरी तीन ओळी घातल्या होत्या.

पत्रक कसं लिहायचं हे मला शिकवलेलं आहे. पहिल्या ओळीत प्रश्न विचारायचा. दुसऱ्या ओळीत डोळ्यांना दिसेल असं काही दाखवायचं. तिसऱ्या ओळीत लोकांनी यायचं कुठे ते सांगायचं. फोटोखाली तसंच लिहिलं होतं. ही कोण लागून गेली? पाहा आपल्या मावळ्यांचे काय हाल केले. बसस्टँडमागचं टेलरिंग, गॅरेजच्या आत. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. लिहिणाऱ्याला लिहिता येत होतं, आणि याच गोष्टीनं मी घाबरले. भडक, चुकांनी भरलेलं काही असतं तर मी हसले असते.

पुढच्या सीटवर दोघं जण होते. त्यातल्या एकानं तोच फोटो बोटांनी मोठा केला. हे तर आर्णीचंच आहे लेका, असं तो दुसऱ्याला म्हणाला. दुसऱ्यानं बोट माझ्या बैलांवर ठेवलं. गाई बांधून कुठं नेऊन राह्यले हे, त्यानं विचारलं. पहिला म्हणाला, कुठं नेतात, माहीत नाही का तुले. मी फोन ओढणीत धरून बसले. एरवी मी बसमध्ये उभी राहून अनोळखी माणसांसमोर बोलते. माझ्या आज्याच्या आज्याचे बैल होते ते. एका बोटानं त्यांच्या गाई केल्या होत्या, आणि गाईंचा पुढचा रस्ताही ठरवून टाकला होता.

मी आपाला फोन लावला. मागून मशीनीचा आवाज येत होता. तिनं फोटो पाहिला होता. "ये तू," एवढंच म्हणाली.

गल्लीत पोचले तेव्हा दिवस कलता होता. शेजारची दुकानं उघडी होती, पण दुकानदार आत नव्हते, पायऱ्यांवर उभे होते आणि आमच्या शटरकडे बघत होते. मला ओळखणाऱ्यांनीही मान हलवली नाही. भावानं शटर अर्धं ओढलं होतं आणि गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली आत घेतल्या होत्या. पेट्रोलचा वास कोंडला होता. मला एकच दिसत होतं, की या गाळ्याला दुसरं दार नाही, आणि आत पेट्रोल आहे.

आपा शिवत होती. मी म्हटलं, मशीन बंद कर आणि यांना उभं कर. ती म्हणाली, एका पोरीचं लग्न आहे, तिचे ब्लाउज कोण देणार, तू? मग मी म्हटलं की मी उत्तर लिहिते, खरं काय ते लिहिते, आत्ताच टाकते. तेव्हा मात्र तिनं मान वर केली.

"तू लिहिलं तं ज्यानं नाही पाह्यलं, तोही पाहीन."

हे मला कोणत्याच शिबिरात शिकवलं नव्हतं. लिहा, छापा, वाटा, एवढंच शिकवलं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला.

ते आले तेव्हा आधी गाड्यांचे आवाज आले. भाऊ शटरच्या तोंडाशी उभा राहिला, हात पुसायचं फडकं हातात. पाचसहा जण वाकून आत आले. सगळ्यात पुढचा माझ्या ओळखीचा निघाला. बसच्या आंदोलनात आमच्या फलकाचं दुसरं टोक त्यानंच धरलं होतं. त्याचा चेहरा पाहून धीर यायला हवा होता. उलट भीती वाढली, कारण घोषणा देताना हा किती पुढे जातो ते मी जवळून पाहिलं होतं, आणि तेव्हा मला ते आवडलं होतं.

"ताई, तू इथं?"

"मी इथंच असते," मी म्हटलं.

तो आपाकडे वळला. हे काय करून राह्यली म्हणून त्यानं विचारलं. आपाचा पाय थांबला नाही. तुझ्याच आईचा ब्लाउज शिवून राह्यली, असं ती म्हणाली, आणि ते खरं होतं; लग्नाचे ब्लाउज संपवून तिनं तोच हाती घेतला होता. मागं कोणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान लाल झाले.

"मजाक नको करू आपा. आपले माणसं काहून पाडले?"

"पाडले नाही. निजवले."

"अन् ते वरचे बरे उभे आहेत."

"त्यांले चिकटवलं. त्यांले कुठं जायाचं आहे? यांले चढाचं आहे, म्हणून मोकळं ठेवलं."

त्याला समजलं नाही. मागचा एक जण बैलांवर वाकला, आणि हे कुठं चालले, असं त्याच सुरात म्हणाला जो मी बसमध्ये ऐकला होता. मी पुढे झाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"ते आमच्या तांड्याचे बैल आहेत. गोणीत फौजेचं धान्य आहे. हात लावून पाह्य."

त्यानं चिमटीनं एक गोणी दाबली. चिंधी फाटली आणि ज्वारीचे दाणे टेबलावर सांडले. मशीन चालूच होती. दाणे टेबलभर नाचायला लागले. त्यानं हात मागे घेतला.

मग आपा पुढच्या पोराला म्हणाली, घे, तूच उभा कर. त्यानं एक मावळा उचलला, कड्याच्या पायरीवर ठेवला. मावळा थरथरला आणि गिरकी घेऊन पडला. त्यानं दुसरा ठेवला. तोही पडला. तिसरा त्यानं फार जपून, श्वास धरून ठेवला. तो जरा वेळ टिकला, मग चालत चालत टोकाशी गेला आणि खाली कोसळला.

"मशीनीनं पडून राह्यले बे हे," तो मागं वळून म्हणाला.

आपानं पाय काढला. एकदम शांत झालं. बाहेरच्या पायऱ्यांवरचं कुजबुजणंसुद्धा ऐकू आलं. त्यानं जमिनीवरचा मावळा उचलला, सुटलेला पगडीचा दोरा पुन्हा गुंडाळला आणि त्याला ठेवला. तो उभा राहिला. मग त्यानं आणखी काही उभे केले, लहान मुलासारखे, ओठ दाबून. मला वाटलं संपलं.

जाताना तो म्हणाला, "तरी उभेच ठेवत जा आपा. लोकं पाह्यतात."

तो धमकी देत नव्हता. काळजीनं बोलत होता. गावातल्या माणसानं गावातल्या बाईला सांगावं तसं. त्या काळजीची मला धमकीपेक्षा जास्त भीती वाटली. आपल्याच दुकानात, आपल्याच टेबलावर, कोणाला निजवायचं आणि कोणाला उठवायचं हे आता लोक बघणार होते. शिवाय त्याच्या मागचा एक जण पूर्ण वेळ फोन धरून उभा होता. त्याच्या व्हिडिओखाली कोणत्या तीन ओळी जाणार, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

पुढे काही झालं नाही. सगळे असंच म्हणतात: चला, काही झालं नाही ना. मला या वाक्याचा संताप येतो. भावानं लेकराला आणि बायकोला दिग्रसला सासुरवाडीला पाठवलं, हे काही झालं नाही. गॅरेजसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या, हे काही झालं नाही. वाचनालयाचे गृहस्थ हात जोडून म्हणाले की पुढच्या खेपेला पाहू, मांडायला आम्हाला आवडेलच, पण पुढच्या खेपेला. फोटो काढणारी बाई आपला ब्लाउज घेऊन गेली आणि खालमानेनं म्हणाली, मले तं चांगला दिसला म्हणून काढला. तिनं तो स्टेटसवरून कधीच काढून टाकला होता. पण पांढरकवड्याकडच्या आमच्या नात्यातल्या एकीनं मला तोच फोटो पाठवून विचारलं, हे तुमच्याकडचंच ना? तो फोटो चालत होता. त्याला फौजेसारखा भाकरतुकडा लागत नव्हता.

मी काही दिवस गेले नाही. खरं सांगायचं तर गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायची. शेवटी एका सकाळी शटर पूर्ण वर दिसलं, म्हणून आत गेले.

आत सोल्युशनचा उग्र वास होता. मशीन बंद होती. आपा टेबलाशी उभी होती, हातात भावाची ट्यूब आणि एक काडी. ती मावळ्यांचे पाय एकेक करून सोल्युशनमध्ये बुडवत होती आणि कड्यावर दाबून धरत होती. मावळे जिथवर चढले होते तिथेच. कोणी पायथ्याशी, कोणी दोराला लटकलेला, एक जण तटापासून चार बोटं खाली. त्याला अजून दोनचार सकाळी लागल्या असत्या. माझे बैल मात्र दिसेनात. त्यांना तिनं डब्यात घालून वर फळीवर ठेवलं होतं, माझ्यासाठी, असं ती म्हणाली. घरी घेऊन जा.

मी विचारलं, आता हे चढतील कसे?

आपानं एका मावळ्याला बोटानं हलवून पाहिलं. हलला नाही. तिनं खुर्ची ओढली, पाय पायडलवर ठेवला आणि मशीन सुरू केली. टेबल थरथरायला लागलं. ती माझ्याकडे न बघता, फौजेकडे बघत राहिली.

"नाही चढणार," ती म्हणाली. "पण पडले म्हणून कोणी सांगणार नाही."