कॅलेंडरसाठी एक हसरी मुलगी

आमच्या शिशुगृहाच्या अध्यक्षबाईंना मुलं फार आवडतात. फक्त ती धुतलेली, पुसलेली आणि हसरी असावी लागतात. वर्ध्याच्या त्या शिशुगृहात मी परिचारिका म्हणून उभी हयात घालवली, पण बाईंनी ओला लंगोट हातात धरल्याचं मला आठवत नाही. केळी वाटायला मात्र त्या हटकून पुढे. फोटोवाला यायचा राहिला असेल तर केळीसुद्धा थांबत.

दरवर्षी संस्थेचं कॅलेंडर निघतं. वर एका लेकराचा हसरा फोटो, खाली देणगीचं आवाहन आणि कोपऱ्यात खुद्द बाई, त्याही हसऱ्या. शाळा, बँका, किराणा दुकानं, सगळीकडे ते फुकट पोचतं. या खेपेला बाईंच्या डोक्यात नवीनच निघालं. दत्तक गेलेली एखादी मुलगी उभी करायची आणि तिच्या हातात तिचाच तान्हेपणीचा फोटो द्यायचा. आधी आणि आता. साबणाच्या जाहिरातीत मळका सदरा आणि धुतलेला सदरा दाखवतात, तसं. दत्तक गेलेल्या लेकराचा चेहरा असा छापायचा नसतो, कायद्यालाही ते चालत नाही, हे मी सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, घरच्यांनी आनंदाने हो म्हटलं तर कायदा कशाला मध्ये येतोय. वर मलाही सोबत चला म्हणाल्या. मुलगी मला ओळखेल आणि फोटोत छान हसेल, असा त्यांचा हिशेब.

मी आता निवृत्त आहे, नाही म्हणायला मोकळी होते. गेले, कारण बाईंनी निवडलेल्या त्या मुलीला बघायचं होतं. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात रडायचीही ताकद नव्हती. पुढे अडीच वर्षांची होऊन हिंगणीच्या एका घरात गेली. आता चौथीत होती. ती तिथे नीट आहे की नाही, हे बघायला बाईंच्या गाडीत बसण्याचं पापही मी करायला तयार होते.

रस्ताभर बाई मला सांगत होत्या की या मुलीसाठी त्यांनी किती रात्री जागून काढल्या. मी खिडकीतून तुरी बघत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बोलत तरी नाही.

हिंगणीचं घर साधं, पक्कं. दारावर पंचशील ध्वज, आत समोरच बुद्धाची मूर्ती. मुलीचे वडील शेतावर गेले होते. आई सेलूच्या एका बँकेत नोकरीला, आमच्यासाठी रजा टाकून थांबलेली. वडिलांची आई, म्हणजे आजी, पायरीवर उभी होती. बाईंनी आत पाऊल टाकलं आणि पिशवीतून ओटीचं सामान काढलं. खण, नारळ, तांदूळ, कुंकवाची डबी. दारात ध्वज, समोर मूर्ती, तरी बाईंचं बोट कुंकवात बुडून आईच्या कपाळाकडे निघालंच. आपण लेकरू कुठल्या घरात दिलं, एवढंही त्या बाईला ठाऊक नव्हतं. आई एक पाऊल मागे सरली आणि हळूच म्हणाली की आमच्यात हे करत नाहीत. बोट हवेत राहिलं. आजीने नारळ तेवढा उचलून घेतला, चटणीला होईल म्हणाली. आजी मला तिथेच आवडली.

मुलगी पाणी घेऊन आली. उंच झाली होती, सावळी, दोन वेण्या, पुढचा एक दात जरा वाकडा. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. बाईंनी स्वतःकडे बोट दाखवून तिला विचारलं की मी कोण ते आठवतं का. मुलीने सरळ नकाराची मान हलवली. बाई हसल्या, ते कॅलेंडरातलं हसू.

मग कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या आल्या, गरम गरम. मी खात खात भिंत बघत होते. तिच्यावर फोटोंच्या रांगा होत्या, घरातल्या प्रत्येक लेकराची एक. वडिलांची, आत्याची, चुलतभावंडांची. प्रत्येक रांग उघड्यानागड्या, पालथ्या पडलेल्या बाळापासून सुरू व्हायची. मुलीची रांग मात्र शाळेच्या गणवेशापासून सुरू झाली होती. त्याच्या आधी एका फोटोची जागा रिकामी, आणि तिथे नुसता खिळा. फोटो पडला असेल, असं मला वाटलं.

वड्या संपल्या आणि बाईंनी विषय काढला. आईचा चेहरा उतरला. मुलगी दत्तक आहे हे आम्ही तिच्यापासून लपवलेलं नाही, गावालाही ठाऊक आहे, पण कॅलेंडर नको, असं ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. ठाऊक असणं वेगळं आणि किराणा दुकानात खिळ्याला टांगलेलं असणं वेगळं. वर्गातल्या पोरींनी रोज उठून 'आधी' बघायचं आणि बाकावर शेजारी 'आता' बसलेली. पण बाईंनी आवाजात मध ओतला. तुमच्या एका फोटोने आणखी लेकरांना घर मिळेल, म्हणाल्या. मग शेवटी, ज्यासाठी मी त्यांना जन्मभर माफ करणार नाही, ते बोलल्या.

"आम्ही तुम्हाला मुलगी दिली. आम्ही एक फोटो मागू नये?"

ज्यांच्या हातून लेकरू मिळालं, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? आईने मुलीला भिंतीपाशी उभं केलं. बाईंनी मोठा केलेला तो जुना फोटो मुलीच्या हातात दिला आणि आपला मोबाइल माझ्या हातात. मला संताप आला. फोटो काढणार नाही म्हणून मी मोबाइल खाली ठेवत होते, तेवढ्यात आजी उठली.

तिने मुलीच्या हातातला फोटो घेतला, चष्मा वर करून बघितला. बोडकं, काटकुळं बाळ, डोळेच डोळे. "हे आमची पोरगी व्हय?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं.

"हा फोटू मी ठेवतो," आजी बाईंना म्हणाली. "तिचा लहानपनचा एकबी फोटू नाई आमच्यापाशी. दत्तकाच्या कागदावर होता तो टिकलीएवढा. खिळा कधीचा ठोकून ठेवला मी."

बाई गडबडल्या. हा कच्चा फोटो आहे, म्हणाल्या. छापखान्यात नीट करायचाय. बाळाच्या मागे कुण्या आयाचा हात आलाय, तो कापायचाय. मग चांगली प्रत पाठवू, हा द्या.

मी बघितलं. बाळाच्या पाठीला मागून एक हात टेकवलेला होता, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. ते घड्याळ अजून माझ्या हातात आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीने मात्र पाहिलं. आधी फोटोकडे, मग माझ्या मनगटाकडे.

"तुमचा व्हय का?" तिने विचारलं.

"माझा," मी म्हटलं. "तुला तेव्हा बसता येत नव्हतं."

आजीने फोटो पदराने पुसला आणि बाईंना म्हणाली, "हात राहू द्या. हात कापला त पोरगी पडन नाई का?"

आजीने फोटोला सुतळी बांधून तो त्या खिळ्याला अडकवला. मुलगी लांब जाऊन तो सरळ आहे का ते बघत होती. डावीकडे, अजून जरा डावीकडे, असं सांगत होती. आई आत चहा ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. परतताना गाडीत बाई म्हणाल्या की या लोकांना उपकाराची जाण नसते. मी पुन्हा खिडकीतून तुरी बघायला लागले.

यंदाच्या कॅलेंडरवर बोर धरणाचं पाणी आहे. कोपऱ्यात बाई आहेतच, हसऱ्या. मी ते रद्दीत घातलं. हिंगणीच्या एका भिंतीवर माझा हात आहे, मनगटापर्यंतच, आणि तेवढा मला पुरतो.