टोचू की थांबू

ये इकडं. अशी लांब नको, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. तू पुण्यात आणि मी कोल्हापुरात हे मला कळतंय, पण समोर बसलीयस असं धरल्याशिवाय मला बोलताच येत नाही. आणि लिहिणं म्हणजे माझं बोलणंच.

आधी रागवून घेते. काय गं, दंडाला ती बटणासारखी पट्टी लावलीस, मोबाईलवर साखर दिसते, साखरेपुढं बाण दिसतो, सगळं छान. पण बाण वर गेला की लगेच सुई? आणि जरा वेळानं उतरला नाही म्हणून आणखी एक? मग हातपाय कापायला लागले की बिस्किटाचा पुडा फोडायचा आणि आत्याला फोन करून रडायचं. माझा भाऊ किती शांत माणूस! त्याची लेक एवढी उतावळी कुणावर गेली म्हणावी? माझ्यावर म्हणशील. म्हण बाई.

तुझे मामा, म्हणजे आमचे हे, इन्सुलिनवर आले तेव्हा तू शाळेत होतीस. मुरगूडच्या वाटेला आमचं गुऱ्हाळ होतं, ते तुला आठवत असेल. चुलवाणात जळणाऱ्या उसाच्या चिपाडांचा तो धूर, काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, उकळणाऱ्या रसाचा वास, तो लुगड्यात असा बसायचा की घरी येऊन धुतलं तरी जायचा नाही. आता कधी रस्त्यानं जाताना कुणाच्या गुऱ्हाळाचा वास आला तर मी रिक्षावाल्याला म्हणते, "बाबा, जरा हळू घे." तो म्हणतो, "मावशी, उतरायचंय का?" आता त्याला काय सांगू.

तर गुऱ्हाळाचा मालक आणि अंगात साखर! गाव हसायचं. हे स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायचे. "दुसऱ्याच्या घरात साखर पोचवता पोचवता थोडी माझ्यातच राहिली," म्हणायचे. पण डोळे कमी झाले होते. इन्सुलिनच्या पेनावरचे बारके आकडे त्यांना दिसायचे नाहीत. म्हणून बोट टोचून साखर बघायची मी, आकडा फिरवायची मी, पोटाला सुई लावायची मीच. किती आणि कधी, हा निर्णय माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईवर.

डॉक्टरांनी बसवून समजावलं होतं. जेवणाआधीचा डोस वेगळा आणि वाढलेली साखर खाली आणायला घ्यायचा जादा डोस वेगळा. मागचं इन्सुलिन अजून अंगात काम करत असताना वर आणखी घातलं, तर दोन्ही मिळून माणसाला खाली आपटतात. ह्यांनी लगेच मान हलवली. "म्हंजे चुलवाणात चिपाडं घातल्या घातल्या काहील उकळत न्हाय. म्हणून आणिक चिपाडं कोंबली की पाक करपतो. आसंच न्हवं?"

"आसंच की मामा," डॉक्टर म्हणाले.

समजलं सगळं. पण पाळायची वेळ आली की हेच बाबा, "टोच की गं, कशाला वाट बघतीस?" रोजचं आमचं भांडण तेच. गुऱ्हाळावरच्या बाया मोजायला बसायच्या, आज कोण जिंकलं म्हणून. जास्ती करून मीच जिंकायची, कारण पेन माझ्या हातात.

एके वर्षी ऐन हंगामात गडहिंग्लजच्या पलीकडचे पावणे आले, माझ्या थोरल्या नणंदेच्या सासरचे. गुऱ्हाळावर पावणा आला की त्याला कोरडं पाठवायचं नसतं, हे तुला माहीतच आहे. आधी आलं-लिंबू पिळून रस, मग निवायला वाफ्यात ओतलेला ताजा गूळ शेंगदाण्यांबरोबर, जाताना काकवीची बाटली. शिवाय त्या दिवशी मटणाचा बेत. आंब्याखाली पंगत मांडली. आणि आमच्याकडची रीत अशी की मालक ताटावर बसल्याशिवाय पावणे घासाला हात लावत नाहीत. मालकाला आधी इन्सुलिन घेतल्याशिवाय ताटावर बसता येत नाही. झाली का पंचाईत?

ह्यांना मी आडोशाला बोलावलं. नुकतीच काहील उतरवून आले होते. पाक झाला की नाही ते हे स्वतः बघायचे. थोडा पाक पाण्यात टाकायचा आणि बोटांनी त्याची गोळी वळायची. गोळी नीट वळली की काहील उतरवायची. मग बोटं खांद्यावरच्या टॉवेलाला पुसायची आणि पुढच्या कामाला लागायचं. त्यांनी बोट पुढं केलं, मी टोचलं, पट्टीवर रक्त घेतलं. मशीननं आकडा दाखवला तीनशेच्या वर!

"गूळ खाल्ला तुम्ही."

"न्हाय."

"अवो, तीनशे दाखवतंय!"

"तुझ्या गळ्याची शपथ, शेंगदाणासुदिक तोंडात टाकला न्हाय. तू आपलं टोच. जेवणाचं आणि वरचं दोन्ही एकदमच टोच, म्हंजे मोकळा झालो."

तिकडून पंगतीतनं एक म्हातारे पावणे ओरडले, "अक्का, मालक कुठं लपवून ठिवला? रस्सा निवाया लागला की!"

"आलो, आलो!" हे इकडनं ओरडले आणि मला हळूच म्हणाले, "अब्रू घालवतीस काय माझी?"

माझ्या हातात पेन. आकडा फिरवला होता आणि तो चांगला मोठा होता. जेवणाचा अधिक तीनशेचा. पण मन पुढं जाईना. गडबडीत त्या दिवशी न्याहारी उशिरा झाली होती, त्या वेळचं इन्सुलिन अजून अंगात होतं. आणि पावण्यांसाठी जेवण नेहमीपेक्षा आधी मांडलेलं. बरं, ह्यांच्या तोंडाकडं बघावं तर कपाळावर घाम. चुलवाणापासून आलेल्या माणसाला घाम असायचाच. तो जाळाचा की साखर उतरल्याचा, हे कसं ओळखायचं? टोचावं तर भीती, न टोचावं तर तीनशे. शेजारी विचारायला कुणी नाही.

मी त्यांचा हात धरला, बघावं तर गार पडलाय का. आणि माझी बोटं त्यांच्या बोटांना चिकटली. अशी चिकटली की सोडवताना चट् आवाज आला.

"अवो, हात धुतला न्हवता तुम्ही?"

"पुसला की टॉवेलाला."

तो टॉवेल! उभा केला असता तर उभा राहिला असता, एवढा पाकानं कडक झालेला. मी त्यांना ओढत रांजणापाशी नेलं. साबणानं हात धुवायला लावले, माझ्या पदरानं कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. हे सारखे म्हणत होते, "पावणं काय म्हणतील? पावणं काय म्हणतील?"

आकडा आला सत्तरच्याही खाली.

मी तो मोठ्यानं वाचला. म्हणजे कपाळावरचा घाम जाळाचा नव्हता, साखर उतरल्याचा होता. ती तीनशेची साखर ह्यांच्या रक्तात नव्हतीच बाई, बोटावर होती. आणि मी त्या बोटावरच्या गुळासाठी ह्यांच्या पोटात सुई घालणार होते. पेनाचा आकडा फिरवून शून्यावर आणला आणि टोपण लावून पेन कमरेला खोचलं.

ह्यांना कळलं. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आता काय करायचं असतंय? डॉक्टरांनी काय सांगितलंया?"

"गोड खायचं."

"आँ? परत बोल. नीट ऐकू आलं न्हाय."

वाफ्यातला कोमट गूळ मी माझ्या हातानं त्यांच्या तोंडात घातला. किती वर्षांनी! डोळे मिटून खाल्ला. पंगतीला कळलंच होतं काहीतरी. सगळे उठून आले. ते म्हातारे पावणे म्हणाले, "आमाला ताटावर बसवून नवरा-बायकू हितं गूळ भरवायलाईत!" काय हसले सगळे! मला मात्र रडू फुटलं. जरा दम धरून परत साखर बघितली. ती वर आली, तेव्हाच मालक ताटावर बसला. रस्सा पार गार झाला होता. कुणी तक्रार केली नाही.

आता हे नाहीत. त्यांना न्यायला म्हातारपण आलं, साखर नव्हे, एवढं माझं समाधान. गुऱ्हाळही आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पण दुपारी ताट वाढताना अजून माझा हात कपाटाकडं जातो, पेन काढायला.

तुला किती तास थांबायचं, किती घ्यायचं, ते मी सांगणार नाही. तुझं इन्सुलिन वेगळं, शरीर वेगळं. ते तुझ्या डॉक्टरांना नीट विचारून घे, लाजू नकोस. पण माझ्या जिवाला घोर वेगळाच आहे. आम्ही दोघं होतो गं. एक टोच म्हणायचा, एक थांब म्हणायची, त्या ओढाताणीत वेळ जायचा आणि तेवढ्या वेळात खरं काय ते कळायचं. तू तिथं खोलीत एकटी. तुला थांब म्हणणारं कुणी नाही, म्हणून तू घाबरून टोचून घेतेस. काल फोनवर तुला रागवले, ते खरं तर ह्या भीतीनं.

म्हणून म्हणते, रजा काढ आणि चार दिवस ये. फोनवर मी नीट भांडू शकत नाही, समोर असलीस की बघ कशी भांडते. उन्हं तापायच्या आत ये, मागच्या खोलीत वारा चांगला येतो, तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. लवकर ये गं.